ढोलकी तेवढी राहू दिली

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, आईला नाही, आणि ज्या दोघींना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच नाही. तुम्हाला का सांगतेय? बहुतेक तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. ओळखत असतात, तर आत्ताही विषय बदलून चहा टाकला असता.

माझा धंदा वेबसाइट बनवायचा. अमरावतीत राजापेठेला, एका ट्यूशन क्लासच्या वर माझी खोली आहे. खाली पोरं सूत्रं घोकतात, वर मी साड्यांची दुकानं आणि मंगल कार्यालयं ऑनलाइन चढवते. सात वर्षांपूर्वी मला पहिल्यांदा निवडणुकीचं काम मिळालं. उमेदवार अपक्ष – गुरांचे डॉक्टर, निवृत्त होऊन अकोल्यात राहिलेले, मूळचे दर्यापूरकडचे. आयुष्य गोठ्यांमध्ये गेलेलं. पाठीशी पक्ष नाही, म्हणून लोकांकडूनच थोडी थोडी मदत घेऊन लढायचं त्यांनी ठरवलं होतं, आणि ती मदत मोबाइलवरून यावी म्हणून साइट हवी होती.

मी जीव ओतून केली हो ती साइट. वर्गणी म्हणायचं नाही, ‘पेंडी’ म्हणायचं – कडब्याची पेंडी. कुणी पेंडी दिली की पडद्यावरची पेंड्यांची गंजी तेवढी उंच व्हायची. खाली एक चौकट : ‘तुम्ही का देता? दोन ओळी लिहा.’ ही चौकट माझी कल्पना.

आणखी एक गोष्ट माझीच होती. आमच्याकडे विजेची लाइन कधी जाईल याचा नेम नसतो, लाइन गेली की टॉवरही मान टाकतो. माणूस अर्धं लिहून बसला आणि सगळं उडालं, तर तो पुन्हा कशाला लिहील? म्हणून मी अशी सोय केली, की लिहिता लिहिताच दर काही सेकंदांनी मजकूर माझ्याकडे जमा व्हावा. रेंज परत आली की माणसानं सोडलं तिथून पुढे लिहावं. हेतू चांगला होता – आता हे मी का सांगतेय? हेतूनं काय होतं?

तर झालं असं, की लोकांनी पाठवलेलं तर मला दिसायचंच, पण पाठवण्याआधी खोडलेलंही दिसायला लागलं. पहिल्या दिवशी मी दचकले. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप घेऊन मुद्दाम वाचायला बसले.

काय सांगू तुम्हाला, माणूस खोडतो काय काय! एकानं लिहिलं, ‘तुम्ही निवडून येत नाही साहेब’ – मग ते खोडून ‘विजय आपलाच आहे.’ एकानं आधी बायकोचं नाव टाकलं, मग स्वतःचं, मग पुन्हा बायकोचं, शेवटी ‘एक शुभचिंतक’. एका गुरुजींनी म्हशीच्या बाळंतपणाची अख्खी हकीकत लिहिली, डॉक्टर कसे पावसात आले वगैरे, आणि सगळी खोडून नुसतं ‘आभार’ ठेवलं. का खोडलं असेल? इतकी छान हकीकत! मला ते चेटूकच वाटायचं. तोंडावर एक आणि मनात दुसरं हे सगळ्यांनाच माहीत असतं, पण ते दुसरं असं उघडं वाचायला कुणाला मिळतं? मी कुणाचं काही चोरत नव्हते – असं स्वतःला सांगायचे. नुसती बघत होते.

मग एके दिवशी त्यात माझ्या मावशीचं नाव आलं.

मावशी दर्यापूरजवळच्या गावात राहते. मावसाजींची कोरडवाहू शेती, कपाशी आणि तूर. बोंडअळीनं त्या भागाचं कंबरडं मोडलं त्या काळातली ही गोष्ट. साइट भाचीनं केली म्हणून मावशीनं कौतुकानं उघडली होती. मोबाइलवर एका बोटानं, दम खात खात तिनं चौकटीत लिहिलं होतं, ‘शेतीले चांगले दिवस येवो म्हणून.’ एवढंच तिनं पाठवलं.

खोडलेलं मोठं होतं. पल्लवीला – माझ्या मावसबहिणीला – शेजारच्या गावातलं स्थळ आलं होतं. आठ एकर वावर, घर चांगलं, पोरगा निर्व्यसनी, भजनात ढोलकी वाजवतो. मावसाजींना पसंत. आणि मावशीनं परस्पर निरोप धाडला होता, की पोरगी नाही म्हणते. पल्लवीला तर कुणी विचारलंही नव्हतं. ‘बावीस वर्सं मी वावरात काढली. माह्या पोरीनं नाही काढाव. पोरगा सोन्यासारखा हाय, त्याच्यात काई खोट नाही, वावर हाय हेच खोट.’ आणि मग हे सगळं पुसलेलं.

मी ते किती वेळा वाचलं असेल? शेतकऱ्याच्या घरातली बाईच शेतकऱ्याच्या पोराला नाही म्हणते, आणि ते नवऱ्यापासून लपवते. आमच्या भागात काय चाललंय, हे मला कुठल्याच पेपरात इतकं सरळ वाचायला मिळालं नव्हतं.

इथे थांबले असते तरी चाललं असतं. पण डॉक्टरांची भाषणं म्हणजे लाळ्या-खुरकूत आणि चाऱ्याचं नियोजन. लोक जांभया द्यायचे, गंजी वाढायची थांबली होती. मला वाटलं, ही गोष्ट त्यांनी सभेत सांगितली तर? काय होईल? मला खरंच बघायचं होतं – हे ‘बघायचं होतं’ म्हणजेच माझा सगळा रोग.

मी मजकूर साफ केला. मावशीचं नाव काढलं, गाव काढलं, पल्लवी काढली. ढोलकी तेवढी राहू दिली. ढोलकीमुळे तो पोरगा डोळ्यांसमोर उभा राहत होता, गोष्ट खरी वाटत होती. डॉक्टरांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, “या बाईनं हे सांगायची परवानगी दिली ना?”

मी म्हटलं, “हो.”

माझा गुन्हा या एका शब्दाचा आहे. बाकी सगळ्याला मी कारणं चिकटवू शकते, याला नाही.

सभेत जांभया थांबल्या म्हणे. त्याचा व्हिडिओ मीच साइटवर टाकला, तो मोबाइलमोबाइलवर फिरला, गंजी पडद्याच्या वर गेली. मी खुर्चीत बसून आनंदानं टाळ्या वाजवल्या. डॉक्टर पडले ते पडलेच, पण ती गोष्ट लोकांच्या लक्षात राहिली.

आणि आठ एकर, ढोलकी, नाही म्हटलेली सोयरीक – त्या दोन गावांत हे कोण, ते ओळखायला कितीसा वेळ लागणार? पोराच्या घरच्यांनी ओळखलं, मग मावसाजींनी. ते भांडले नाहीत. जेवता जेवता एवढंच म्हणाले, “तुह्या पोरीले वावरवाला चालत नाही, तं तू काहून राहून राहिली माह्याजवळ?” त्यानंतर कित्येक महिने ते घरात पाव्हण्यासारखे वागले.

निरोप नेला होता शकीलाबीनं. मावशीची शेजारीण, शिवणकाम करते, ब्लाउजं द्यायला पोराच्या गावी जायची म्हणून मावशीनं तिच्याच हाती निरोप दिला होता. मावशी लग्न होऊन आली तेव्हापासूनची मैत्री. मावशीच्या मनातलं ठाऊक असलेली जगात ती एकटी – म्हणजे मावशीच्या हिशेबानं एकटी.

मी त्यानंतर गेले तेव्हा मावशी तूर पाखडत होती. “शकीलानंच सांगतलं पाय. दुसरं कोनाले मालूम होतं? एका ताटात जेवलो व आमी!” आणि ती रडायला लागली. आत्ता सांगावं, आत्ता – असं मनात आलं. मग मी काय म्हटलं असेल? मी म्हटलं, “जाऊ दे मावशी. लोक असेच असतात.”

मूग गिळून बसले असते, तर निदान भित्री ठरले असते. मी तर साक्ष दिली – खोटी.

पुढल्या आठवड्यात शकीलाबी एसटीनं राजापेठेला आली. जिना चढून धापा टाकत होती. खालच्या क्लासमधला गलका, माझी गरगर फिरणारी खुर्ची, तिच्या हातात पिशवी. “बेटा, तू शिकलेली हायस. तुह्यं ते ऐकते. सांग न तिले, मी कोनाले नाही बोलली. मले बाकी काईच नाही पाह्यजे.” मी तिला पाणी दिलं. म्हटलं, सांगते. पिशवीत पल्लवीच्या लग्नासाठी तिनं आधीच शिवून ठेवलेला मावशीचा ब्लाउज होता, तो माझ्याकडे देऊन ती गेली.

मी तो ब्लाउज मावशीला दिला नाही. दिला असता तर आणला कुणी, कशाला, हे सगळं बोलावं लागलं असतं. तो माझ्या कपाटात आहे.

पल्लवीचं पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाशी लग्न झालं, ती सुखात आहे. नाकारलेल्या त्या पोरानं ढोलकी सोडली म्हणतात, खरं-खोटं ठाऊक नाही. विचारायचं धाडस नाही – एवढी जगाची चौकशी करणारी मी, पण हे मात्र विचारवत नाही. लग्नात मावशीनं दर्यापूरहून शिवून आणलेला ब्लाउज दंडात घट्ट बसत होता. हुक मीच लावले. “शकीलाचं माप बरोबर राह्यचं,” ती म्हणाली, आणि लगेच तोंड फिरवलं. शेजारच्या घराला त्या दिवशी कुलूप होतं.

त्या साइटचं सगळं मी केव्हाच पुसून टाकलं. मावशीच्या ओळी मात्र पाठ आहेत. हे लिहिताना कळलं, की मीही तशीच खोडते. एक ओळ तीनदा लिहिली, तीनदा पुसली. आता चौथ्यांदा लिहून ठेवते.

मावशी, शकीलाबीनं सांगितलं नव्हतं. मी सांगितलं.