बंद दारांच्या शहरात

या वेळी मी प्रवासाला निघालो तो परळच्या आमच्या घरातल्या सोफ्यावरून, शनिवारी दुपारी, जेवून हात पुसल्यावर. सामान असं काही नव्हतंच. पाण्याची बाटली, चष्मा आणि माझ्या धाकट्या बहिणीचा, सायलीचा, गेम खेळायचा कंट्रोलर. आमची आई त्याला रिमोट म्हणते.

मुक्कामाचं ठिकाण होतं ‘सात भोंगे’. हा एक व्हिडिओ गेम आहे. गिरण्या चालू होत्या त्या काळातलं गिरणगाव त्यात उभं केलंय. लालबागसारखा नाका, चिंचपोकळीसारख्या चाळी, शिवडीसारखी खाडी. त्यात एक गोष्ट आहे, मारामाऱ्या आहेत, पण त्यात पडायलाच हवं असं नाही. वाट्टेल तिथे, वाट्टेल तितका वेळ भटकता येतं. दादरच्या पुलाजवळ याची भलीमोठी जाहिरात लागली होती. ‘इथलं प्रत्येक दार उघडतं’ असं तिच्यावर लिहिलेलं मी स्वतः वाचलंय.

गेम बाजारात आला आणि नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, अशी गत झाली. दारं उघडेनात. रस्त्यात माणसं नाहीत. पोरासोरांनी इंटरनेटवर अशी यथेच्छ धुलाई केली की विचारू नका. आमची सायली त्या कंपनीत तीन वर्षं चाळी बांधत होती. म्हणजे कॉम्प्युटरवर भिंती, जिने, गॅलऱ्या आणि दारं करत होती. सुटीच्या दिवशीही घरी बसून ती कठड्यांचे गज ठीकठाक करायची. आता त्या गेमचं नाव काढलं तरी उठून जायची.

कंपनीने दुरुस्तीसाठी मोजकी माणसं ठेवायचं ठरवलं होतं आणि त्यात तिला बोलावलं होतं. सोमवारी उत्तर द्यायचं होतं. उत्तर तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. मैत्रिणीच्या कारखान्यात ती मॉड्युलर किचनची चित्रं काढणार होती.

"दादा, ओट्याखालची कपाटं तरी उघडतात," ती म्हणाली. म्हणताना हसली, पण ते हसू मला आवडलं नाही.

मी तिला उपदेश केला नाही. माझी एकच खोड आहे. लोकांच्या तोंडून ऐकून मी कुठल्याही गावाला नावं ठेवत नाही. जाऊन बघतो आणि मगच ठेवतो. तेव्हा म्हटलं, सोमवारच्या आत एकदा जाऊन यावं.

निघायलाच संध्याकाळ होते की काय असं वाटलं, कारण आधी ते अपडेट उतरवून घ्यावं लागतं. ते झालं, पडदा काळा झाला, आणि मग हळूहळू पहाट उजाडली.

तो पहिला देखावा मी विसरणार नाही. उजेड दुधात चहाचे चार थेंब टाकावेत तसा होता. चिमण्यांचा धूर वर न जाता आडवा पसरत होता. रस्ता ओला, नुकताच कुणी झाडून गेल्यासारखा. आणि मग भोंगा झाला. एकाच्या मागून दुसरा, लांबचा, मग त्याहून लांबचा. लहानपणी ऐकलेला तो आवाज माझ्या कानात कुठे शिल्लक असेल असं मला वाटलं नव्हतं. मी कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि नुसता ऐकत बसलो.

नाक्यावर एक पानवाला भेटला. त्या शहरातला मला भेटलेला पहिला माणूस.

"आज पाणी लवकर गेलं, नाही?" तो म्हणाला.

मी पुढे जाऊन परत आलो. "आज पाणी लवकर गेलं, नाही?"

त्याला एवढं एकच वाक्य येतं. याच्यावरूनही लोक फार हसले होते. पण खरं सांगायचं तर आमच्या टॉवरच्या लिफ्टमधले शेजारी मला वर्षभरात एवढंही बोललेले नाहीत. तिसऱ्या खेपेला मी सोफ्यावरून मोठ्याने "हो ना" म्हणालो.

पुढे मसाल्याची गल्ली लागली. डंख (मसाला कुटायचं यंत्र) वरखाली होत होते, लाल धूळ उडत होती. एका दुकानासमोर उभा राहून मी मिरच्यांचा ढीग बघत होतो, तोच जमीन फाटली आणि मी खाली गेलो. खड्डा वगैरे काही नाही, शहराच्या खालीच गेलो. हा त्या गेमचा एक नावाजलेला बिघाड आहे. पडता पडता मी वर पाहिलं. अख्खं गिरणगाव डोक्यावर तरंगत होतं, रस्ते तळाकडून दिसत होते आणि त्यांच्यामधून पहाटेचा तोच उजेड झिरपत होता. चिडायचं सोडून मी बघत राहिलो. थोड्या वेळाने कुणी तरी मला उचलून पुन्हा नाक्यावर ठेवलं. पानवाल्याने पाण्याची चौकशी केली.

खाडीवर गेलो. चिखल, गोदामांची लांबलचक छपरं आणि रोहित पक्षी. पक्षी पाण्याला टेकलेच नव्हते, बोटभर वर उभे होते. चूकच ती. पण शिवडीच्या धक्क्यावर धुक्याच्या सकाळी मी खरे रोहित पाहिले आहेत, आणि तेही मला कधी टेकल्यासारखे वाटले नाहीत. गुलाबी रंग चिखलावर नुसता ठेवलेला असतो.

शेवटी चाळींकडे वळलो, आणि तिथे मात्र मन खट्टू झालं. चाळ हुबेहूब होती. जिन्याच्या पायऱ्या मध्ये झिजलेल्या, कठड्यावर तुळशीचे डबे, टोकाला नळ. आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळी दारं बंद. चाळीत भरदिवसा दार बंद करणारा माणूस एक तर भांडलेला असतो, नाही तर आजारी. इथे तर सगळीच. मी एक दार ढकललं, दुसरं ढकललं. दारं कसली, भिंतीवर रंगवलेली फळ्यांची चित्रं. लोकांचं म्हणणं खरं होतं तर. मी गेम बंद केला.

जीव रमेना, म्हणून खाली उतरून लालबागला मसाला आणायला गेलो. त्या शहरात सगळं आहे, वास नाही. इथे गल्लीच्या तोंडाशीच नाकाने दाद दिली. तीन शिंका आल्या.

"शिंकायचं तर तिकडे तोंड करून शिंका हो," दुकानातल्या बाई म्हणाल्या. "आमचा माल हाय तो."

मी माफी मागितली आणि मालवणी मसाला घेऊन घरी आलो.

रविवारी सकाळी आई माझ्या शेजारी येऊन बसली. मसाल्याच्या निमित्ताने ती खुशीत होती. लेकीचं काम तिने कधी पाहिलंच नव्हतं. तो ‘मारामारीचा खेळ’ आहे आणि सायली त्यात काही तरी करते, एवढंच तिला माहीत. पडद्यावर चाळ दिसली आणि ती एकदम सरळ बसली.

"ह्यो आमचो जिनो," ती म्हणाली.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सायलीने आमचं आजोळ बांधलं होतं. आईचं माहेर, चिंचपोकळीची ती चाळ, जी पाडून आज तिथे टॉवर उभा आहे. आम्ही दोघं सुटीत तिथे खेळलेलो, आणि मला कठडा बघूनही ते ओळखता आलं नव्हतं.

आईने कंट्रोलर माझ्या हातातून घेतला. अंगठ्याने हळूहळू पाऊल टाकू लागली. भिंतीला धडकली, परत वळली. जिन्यावर एका हमालाला धक्का लागला तेव्हा "सॉरी हां भाऊ" म्हणाली. वर पोचून गॅलरीत उभी राहिली. मला भीती वाटली. आतल्या खोलीत सायली कपड्यांच्या घड्या घालत होती आणि तिला सगळं ऐकू येत होतं. आता आई विचारणार, दारं का बंद आहेत गो?

आई तशीच बघत राहिली. मग अगदी सहज म्हणाली, "गावाक गेली सगळी. गणपतीक."

मी तिच्याकडे पाहिलं. तिला त्यात काहीच वावगं वाटत नव्हतं. आमच्या कोकणातल्या माणसांचं हे असंच. गणपतीत सारी मुंबई लालबागला लोटते, आणि लालबाग-चिंचपोकळीचा चाकरमानी (कोकणातून नोकरीसाठी आलेला माणूस) खोलीला कुलूप लावून गावी पळतो. आईचे वडील मात्र जात नसत. भावांशी घरावरून वाकडं आलेलं, गावी कुणी पाटही मांडला नसता. म्हणून दरवर्षी मजल्यावर यांचं एकच घर मागे राही. आई सांगत होती आणि अंगठ्याने चालत होती. अख्खी गॅलरी तिची एकटीची असायची. या टोकापासून त्या टोकापर्यंत ती धावायची, नळाला पाणी असलं की भिजायची, कुणी ओरडायला नाही. दुपारी एवढी शांतता की स्टेशनातली घोषणा ऐकू यायची.

"वर्षात तेवढेच दिवस," आई म्हणाली, "मी कोणाच्या अध्यात ना मध्यात."

सायली दारात येऊन उभी होती. हातात अर्धी घडी घातलेली चादर.

"आई, ती गावाला नाही गेली," ती म्हणाली. "दारं उघडी ठेवली की मशीन अडकायचं. गेम बाहेर यायच्या आधी सांगितलं, बंद करा. मीच एकेक बंद केलं. आत माणसं होती, चुली होत्या, सगळं बनवलेलं. सगळं काढून टाकलं." ती चादर चुरगाळत होती. "खोटी आहेत गं ती दारं."

असल्या वेळी आयांनी पोरीची समजूत घालावी. आमच्या आईला ते कधी जमलं नाही. तिने पडद्याकडे बोट केलं.

"मग चुकलंच तुझं," ती म्हणाली. "सगळी कशी बंद करशील? चावयो कोणाकडे ठेवून जातली ती?"

सायली पडद्याकडे बघू लागली. आईचं चालूच होतं.

"तुळशीला पाणी कोण घालणार? पाहुणा आला तर त्याला सांगणार कोण, की बाबा, माणसं गावी गेलीत, बस, पाणी पी? सगळी गेली तरी एक घर मागे राहतंच गो. त्याचं दार लावून चालत नाही. आमचं कधी लावलं नाही आम्ही."

सायलीने चादर खुर्चीवर टाकली आणि ती आईच्या पायाशी जमिनीवर बसली.

"कुठलं तुमचं?" तिने विचारलं.

"ह्या काय, नळाकडचा."

"एक दार," सायली पुटपुटली. "एक उघडं ठेवलं तर चालेल मशीन." मग म्हणाली, "आत काय काय होतं, आई?"

आई सांगत सुटली, ती दुपारचं जेवण निवेपर्यंत. सोमवारी सायलीने कंपनीला काय उत्तर दिलं ते मला विचारावं लागलं नाही. ती सकाळीच डबा घेऊन निघाली होती.

थंडी सरता सरता नवं अपडेट आलं. त्यात रस्ते पक्के झाले, पक्षी पाण्याला टेकले (मला थोडं वाईट वाटलं), पानवाला दोन वाक्यं बोलू लागला. इंटरनेटवर लोक म्हणाले, बरा झालाय की. त्या एका खोलीविषयी कुणी फारसं लिहिलं नाही. तिथे मारामारी नाही, खजिना नाही, कशाला लिहितील?

मी बरीच गावं हिंडलोय. परत यायच्या वेळी एक हिशेब मनात होतोच, की हे गाव माझं कितपत झालं. ‘सात भोंगे’ माझं फारसं झालं नाही. मी तिथला पाहुणाच. पण ज्या शहराला सगळ्यांनी ओसाड म्हटलं, तिथे माझ्या आईला ओसाडपणाच ओळखीचा निघाला, आणि तेवढ्याने माझी बहीण कामावर परतली. गावाचा मोठेपणा कशात असतो ते मला आता नक्की सांगता येणार नाही.

अपडेट आलं त्या रविवारी आई एकटीच गेली. जिना चढली, बंद दारं ओलांडत गॅलरीच्या टोकाला पोचली. नळाजवळचं दार सताड उघडं होतं. आत खिळ्यांना शेजाऱ्यांच्या चाव्या, कोपऱ्यात झाकलेला पाण्याचा हंडा आणि जमिनीवर दुपारचं ऊन. आई उंबऱ्यात थांबली. मग आत गेली आणि उन्हाशेजारी उभी राहिली. कंट्रोलर तिने मांडीवर ठेवला.

भात झाला होता. ताटं वाढली होती. मी आईला हाक मारायला तोंड उघडलं, तर सायलीने माझा हात धरला.

"नको दादा," ती हळूच म्हणाली. "बसू दे तिला. घरी आहे ती."