घटस्थापनेपर्यंत थांबलेली बातमी

लष्करी तळावरच्या बायकांना महिन्यातून एकदा आनंदी व्हावं लागतं. त्याची व्यवस्था तळच करतो. महिना लागला की इमेल येतं: या वेळी स्ट्रॉबेरी तोडायला, पुढच्या वेळी पेंग्विन बघायला, हिवाळ्यात एकदा बर्फात, मग कधी सोन्याच्या जुन्या खाणीत चाळणीनं माती गाळायला. बस फाटकापाशी उभी राहते. प्रत्येकाच्या हातात एक सफरचंद आणि पाण्याची बाटली दिली जाते. जिचा नवरा महिनोन्महिने बाहेर आहे तिला पुढची सीट मिळते आणि सगळे तिच्याशी जरा हळू आवाजात बोलतात. मी हे कुत्सितपणे लिहिते आहे, मला कळतं. पण मी त्या बसमध्ये वर्षानुवर्षं बसले आहे, तेवढा हक्क मला आहे.

आम्ही दोघं पुण्याचे. ऑस्ट्रेलियात आलो ते चारचौघांसारखे, स्किल्ड व्हिसावर. नागरिकत्व मिळालं आणि नवऱ्यानं गणवेश घालायचं ठरवलं. बारावीनंतर सैन्यात जायची परीक्षा हुकली होती, ती हौस त्याच्या मनात तशीच राहिली होती. इथे विमानांच्या देखभालीसाठी इंजिनिअर हवे होते, त्याला घेतलं. मला अभिमान वाटला होता. खोटं कशाला बोलू, गणवेशात तो फार छान दिसायचा. सासूबाईंनी तो फोटो मोठा करून पुण्याच्या घरी टीव्हीच्या वर लावला आणि येईल त्याला दाखवला.

इंजिनिअर मीही आहे, सिव्हिल. हे वाक्य मला प्रत्येक गावात नव्यानं म्हणावं लागलं. दोन-तीन वर्षांनी त्याची बदली व्हायची, म्हणजे इकडच्या भाषेत पोस्टिंग यायचं, आणि आम्ही खोकी भरायचो. पहिल्या गावात माझ्या शिक्षणाची नोकरीच नव्हती, तिथे मी चाइल्डकेअरमध्ये दुसऱ्यांच्या पोरांची नाकं पुसली. पुढे क्वीन्सलंडला सुपरमार्केटच्या बेकरीत पाव कापले. मुलाखतीत विचारायचे, मधली वर्षं काय केलंत? मी म्हणायचे, नवरा डिफेन्समध्ये आहे. समोरचा माणूस लगेच समजूतदारपणे मान हलवायचा आणि नोकरी दुसऱ्याला द्यायचा.

मग आम्ही मेलबर्नजवळच्या तळावर आलो, वेरिबीत घर घेतलं, आणि मला कौन्सिलमध्ये, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, नोकरी लागली. कंत्राटी, पण माझ्या कामाची. वेरिबीच्या भोवती दर वर्षी नव्या वसाहती उठतात, काल शेत होतं तिथे आज छपरं दिसतात. त्या छपरांवरचं पावसाचं पाणी कुठून कुठे जाणार, कुठे साठणार, कुठल्या नाल्याला मिळणार, ते आखायचं काम माझं. लोकांना कंटाळवाणं वाटेल. मला सोमवार आवडायला लागला होता. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये माझ्या मॅनेजरनं मला बाजूला घेऊन सांगितलं, ऑक्टोबरपासून तुला कायम करतोय आणि एका नव्या वसाहतीचं सगळं काम तुझ्याकडे देतोय. घरी येऊन मी शिरा केला. नवऱ्यानं दोनदा मागून घेतला आणि म्हणाला, "ग्रेट न्यूज आहे अगं." त्या वेळी त्याच्या पोटात काय होतं ते मला नंतर कळलं.

तळाच्या सहली आखायची एक साठीची बाई. तिचा नवरा निवृत्त झाला होता, हिचं काम सुरूच होतं. मनानं चांगली. प्रत्येकीला 'लव्ह' म्हणायची. मी चकल्या आणते, पोरांना सांभाळते, बसमधल्या माणसांची मोजदाद करते, म्हणून माझ्यावर तिचा विशेष लोभ. नव्या बायकांना ती माझी ओळख करून द्यायची, "ही आमची वेटरन. हिला विचार, कसं निभवायचं ते." मला ते ऐकताना बरं वाटायचं, आज आठवलं की चीड येते. निभावणं हे काही शिक्षण नाही, पण तिथे तेवढीच पदवी मिळायची.

तिची एक पद्धत होती. सप्टेंबरच्या सुमारास पुढच्या वर्षीची पोस्टिंग्ज कळतात. त्या महिन्याच्या सहलीत, बस गावाबाहेर पडली की ती माइक घेऊन उभी राहायची आणि कोण कुठे चाललं ते एकेक करून सांगायची. कॅनबेराला सगळे ओरडायचे, थंडीने मरा. डार्विनला शिट्ट्या, कारण तिकडे मगरी. ज्याचं नाव येईल त्यानं उभं राहायचं, बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. बायका डोळे पुसत हसायच्या. मीही दरवर्षी टाळ्या वाजवत आले होते, कारण त्यातल्या निम्म्याजणी माझ्या मैत्रिणी असायच्या आणि जानेवारीत त्या जाणार म्हणजे मला पुन्हा नव्या शोधाव्या लागणार.

त्या वर्षी सहल ट्यूलिपची शेती बघायला होती. शनिवार होता. मी पुढे तिच्या शेजारी, नवरा मागच्या बाजूला आमच्या मुलीजवळ. हायवे लागला, ती उठली, माइक घेतला. एक कुटुंब कॅनबेराला. ओरडा झाला. एक ॲडलेडला. मग ती माझ्याकडे वळली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "अँड धिस वन ब्रेक्स माय हार्ट," आणि आमचं आडनाव घेऊन डार्विन म्हणाली.

शिट्ट्या झाल्या. टाळ्या झाल्या. माझे हात सवयीने वाजत होते, एक-दोन टाळ्या मी स्वतःच्याच नावाला वाजवल्या. मग मागे वळून नवऱ्याकडे बघितलं. तो खिडकीबाहेर बघत होता. मुलीनं सीटवरून डोकं वर काढून मोठ्यानं विचारलं, "मम, आर वी मूव्हिंग अगेन?" सगळ्या बसला वाटलं, पोर गोड आहे. सगळे हसले.

ट्यूलिप मी बघितले असावेत. आमचा तिघांचा फोटो आहे, मागे लाल रांगा आहेत. सासूबाईंनी त्यावर हृदय पाठवलं होतं.

संध्याकाळी चारच्या सुमारास घरी पोचलो. मुलगी टीव्हीपुढे बसली, मी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं.

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगणार होतो अगं. घटस्थापनेला."

मला काही उलगडा होईना. मग तोच सांगायला लागला. "आईला फोनवर बोललो होतो. ती म्हणाली, पितृपक्षात घर हलवायची गोष्ट काढू नकोस, इतके दिवस थांबलास, अजून थोडं थांब. मलाही वाटलं, तुझं परमनंटचं चाललंय, उगाच टेन्शन कशाला. घट बसले की शांतपणे बोलू म्हटलं."

आमच्या घरी पितृपक्ष कधी पाळला गेल्याचं मला आठवत नाही. गाडी आम्ही त्याच पंधरवड्यात घेतली होती. कोळंबी खाल्ली होती. तेव्हा पूर्वज कुणाच्या आड आले नव्हते. सासऱ्यांच्या तिथीला मी ऑफिसमधून अर्धी सुट्टी घेऊन खीर करायचे, तेवढाच काय तो आमचा धर्म. पण बायकोला सांगायची वेळ आली तेव्हा याला बरोबर पंचांग आठवलं.

"म्हणजे आईंना माहीत होतं," मी म्हटलं. "तुझ्या बॉसला माहीत होतं. त्या सहलीवाल्या बाईला माहीत होतं."

"तिनं आज वाचायला नको होतं. मला वाटलं, ऑक्टोबरच्या ट्रिपला वाचेल."

"पोस्टिंगचं त्यांनी तुला विचारलं होतं की नुसतं कळवलं?"

"विचारलं होतं. तिकडे मोठी टीम मिळतेय. मी हो म्हटलं."

"आणि मी नाही म्हटलं असतं तर?"

त्याच्या चेहऱ्यावर खरोखरचं आश्चर्य होतं. त्यात लबाडी असती तर मी भांडले असते, भांडी आपटली असती, आणि कदाचित जानेवारीत खोकीही भरली असती. तो अगदी साधेपणानं म्हणाला, "पण तू नेहमी येतेस."

ते खरं होतं. मी नेहमी गेले होते. त्यानं कधी हात पिरगाळला नव्हता, मीच हसत हसत गेले होते, आणि त्याच्या हिशेबी ती माझी पसंती झाली होती. मला त्या क्षणी त्याचा जितका राग आला तितका आयुष्यात कुणाचा आला नाही.

दुसऱ्या दिवशी मी सासूबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "अगं, माझ्यावर कशाला चिडतेस? तुमच्या भल्यासाठीच सांगितलं. अशा दिवसांत घरं हलवायच्या गोष्टी काढत नाहीत. आणि त्याचं वर जायचं चाललंय. तुला काय, तिकडेही मिळेल एखादी नोकरी."

सासूबाई बँकेत होत्या. सासऱ्यांची बदली नागपूरला झाली तेव्हा सासरे खोली घेऊन तिकडे एकटे राहिले, सणावाराला पुण्याला आले, पण यांनी बँक सोडली नाही. ही गोष्ट घरात कौतुकानं सांगतात. मी म्हटलं, "आई, तुम्ही नव्हतात गेलात."

मग म्हणाल्या, "ते वेगळं होतं. माझी बँक होती."

"माझं कौन्सिल आहे," मी म्हटलं. त्यांनी विषय बदलून नातीची चौकशी केली. त्यांना कळत नव्हतं म्हणून त्या असं बोलत होत्या असं मला वाटत नाही. स्वतःसाठी मिळवलेली गोष्ट सुनेलाही लागेल, एवढंच त्यांना सोयीचं नव्हतं.

घटस्थापना झाली. नवऱ्यानं श्रीखंड आणलं आणि ठरवल्याप्रमाणे शांतपणे बोलायला बसला. मी त्याला सगळं बोलू दिलं आणि मग म्हटलं, तू जा, आम्ही दोघी इथेच राहतो. त्याला वाटलं, राग ओसरला की येईल. ऑक्टोबरमध्ये मी कायम झाले. डिसेंबरमध्ये ट्रक आला आणि त्याची खोकी, सायकल, गणवेशांची कपाटं घेऊन गेला. त्याला तोपर्यंत खरं वाटलं नव्हतं. ट्रकच्या मागे उभा राहून तो म्हणाला, "तू सीरियस आहेस?" माझ्या नोकरीबद्दल त्यानं मला विचारलेला हा पहिला प्रश्न.

फेब्रुवारीत सहलीचं इमेल आलं नाही. मला वाटलं चुकलं असेल, म्हणून त्या सहलीवाल्या बाईला फोन केला. ती फार हळुवारपणे म्हणाली, "सॉरी लव्ह, नवरा ज्या तळावर असतो, कुटुंब त्या तळाचं. तुझं नाव डार्विनला गेलं. तिकडच्या ट्रिप्स मस्त असतात." मी तळापासून हाकेच्या अंतरावर राहत होते, आणि डार्विन तिथून विमानानं चार-पाच तास. मी तिला नो वरीज म्हटलं. ज्या बायकांना मी निभवायला शिकवलं होतं त्यांच्यातली एकही पुढे घरी आली नाही. कॉफीला भेटू असं सगळ्या म्हणाल्या होत्या.

तो सुट्टीला यायचा. पहिल्या खेपेला आम्ही भांडलो, दुसऱ्या खेपेला कमी भांडलो. पुढे पुढे तो पाहुण्यासारखा वागायला लागला. साखर कुठे आहे, टॉवेल कुठला घेऊ, हे विचारायचा. मुलगी त्याला गाडीतून फिरायला घेऊन जा म्हणायची आणि तो न्यायचा. मी त्या वेळात घरी काम करायचे. मला एकटेपणा वाटला नाही असं मी म्हणणार नाही. रविवारी दुपारी फार वाटायचा. पण सोमवारी उठून जायला जागा होती, आणि तिथे कुणी मला कुणाची बायको म्हणून ओळखत नव्हतं.

परवा त्याचा फोन आला तेव्हा मी साइटवर होते. नव्या वसाहतीतला नाला पुरा होत आला होता, कंत्राटदाराशी उतारावरून वाद चालला होता. मी बाजूला जाऊन फोन घेतला. तो जरा घाईत, जरा उत्साहात होता. "ऐक, सगळ्यात आधी तुला सांगतोय. आईलासुद्धा अजून बोललो नाही. हे लोक मला इथेच अजून ठेवू म्हणतायत. मी काही उत्तर दिलेलं नाही. तू सांग. तू नाही म्हणालीस तर मी नाही म्हणेन, तिकडे परत येईन."

हा प्रश्न ऐकायची मी तीन गावं वाट बघितली होती. चाइल्डकेअरमध्ये, बेकरीत, त्या बसमध्ये, त्यानं एकदा, कुणालाही सांगायच्या आधी, मला विचारावं एवढंच माझं मागणं होतं. आता तो विचारत होता, मनापासून विचारत होता, आणि मी उत्तरासाठी स्वतःत शोधलं तर तिथे काहीच नव्हतं. तो तिकडे राहिला काय, इकडे आला काय, मला सारखंच होतं. त्याला ते कसं सांगावं मला कळेना.

"तुला हवं ते कर," मी म्हटलं.

"नक्की ना?" तो म्हणाला. त्याला वाटलं, मी मोठ्या मनानं परवानगी दिली. त्यानं दोनदा थँक यू म्हटलं. मी फोन ठेवला आणि कंत्राटदाराला उतार पुन्हा मोजायला सांगितला.