ज्या घरचा नारळ त्या घरची वडी

ओटीचा नारळ तिखटात घालत नाहीत. त्याचं गोडच करायचं आणि ते घरच्यांनीच खायचं, दुसऱ्याच्या घरी द्यायचं नाही. आमच्या माकणीत हे कुणाला शिकवावं लागत नाही. पण आता एकेका सुनेच्या ओटीत पाच-पाच, सात-सात नारळ येतात. ते पडून पडून वाळतात, आणि साखरेची पांढरी वडी केली तर पोरं तोंड वाकडं करतात. म्हणून ते नारळ दगडाबाईंकडं जातात.

दगडाबाई अंगणवाडीत माझ्या हाताखाली सव्वीस वर्षं मदतनीस होत्या. हाताखाली असं कागदावर. खरं म्हणजे पोरांची नाकं पुसण्यापासून आहार शिजवण्यापर्यंत सगळं त्यांच्याच हातात. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठ्या, पण मला ताई म्हणायच्या. त्यांच्या आधीची तीन लेकरं गेली म्हणून आईनं यांचं नाव दगडा ठेवलं. दगडाला कोण उचलून नेणार? त्या खरंच टिकल्या. चौथी शिकल्या, सोळाव्या वर्षी माकणीत नांदायला आल्या. मूल झालं नाही. नवरा रोजंदारीवर ट्रॅक्टर चालवायचा, तोही जाऊन बरीच वर्षं झाली. भूकंपानंतर मिळालेल्या दोन खोल्यांत त्या एकट्या राहतात.

चॉकलेटचं असं झालं. लोहाऱ्याला बायकांचं एक प्रशिक्षण होतं, तिथं एका मॅडमनी मला कोको पावडरचा पुडा दिला. मी तो कपाटात ठेवला आणि विसरले. पुढं पंधरा ऑगस्टला झेंड्यापुढं फोडलेले चार नारळ दगडाबाईंनी वडीसाठी शिजवायला घेतले आणि कपाट आवरताना सापडलेला पुडा वास घेऊन त्यात टाकला. मला विचारलंसुद्धा नाही.

"अवो, काय टाकलंत ते?"

"तुमचीच पावडर हाय ताई. रंग तर बगा, मातीच्या ढेकळावानी झालाय. पण वास चांगलाय."

पोरांनी ती ढेकळं एका दमात संपवली. एकानं तर कढई चाटली. तेव्हापासून गावात त्या वडीला चॉकलेटचं खोबरं म्हणतात.

त्यांची पद्धत साधी आहे. नारळ फोडायचा, खवणीवर खवायचा, पण पांढरं तेवढंच घ्यायचं, पाठीचं तपकिरी येऊ द्यायचं नाही. दोन वाट्या चवाला एक वाटी साखर आणि पेलाभर आटवलेलं दूध. मंद आचेवर हलवत राहायचं. कढईच्या कडा सुटायला लागल्या की चमचाभर तुपात कालवलेली कोको पावडर घालायची. आधी घातली तर कडू लागते. उतरवून ताटात थापायचं आणि वरून सुक्या खोबऱ्याचा कीस भुरभुरायचा. बस.

पण त्यांचा खरा नेम वेगळाच होता. ज्या घरचा नारळ त्याच घरच्या डब्यात यायचा आणि वडी होऊन त्याच डब्यात परत जायची. एका घरचं झालं की कढई, खवणी, ताट राखेनं घासून मगच दुसऱ्या घरचं घ्यायचं. दिवसात तीन घरांच्या वर करायच्या नाहीत. मी एकदा म्हटलं, "दोन घरचे एकदम शिजवले तर कुणाला कळतंय?"

त्या म्हणाल्या, "मला कळतंय की."

गेल्याच्या आदल्या मार्गशीर्षात त्यांनी तो नेम मोडला. स्वतःच्या हातानं, जाणूनबुजून.

त्यांच्या समोरच्या ओळीत लक्ष्मम्मांचं घर आहे. लक्ष्मम्मांची सून वृषाली. लग्नाला आठ वर्षं झाली होती, मूल नव्हतं. दवाखाने उमरग्याचे झाले, सोलापूरचे झाले. मग लक्ष्मम्मा तिला घेऊन त्यांच्या कुळाच्या देवीला गेल्या आणि देवीच्या ओटीतला एक नारळ तिच्या पदरात पडला. त्याचं गोड करून सुनेनं एकटीनं खायचं, रोज अंघोळ करून, दिव्यापुढं बसून, अकरा दिवस. वृषालीनं स्वतः तो नारळ डब्यात घालून आणला.

"मावशी, अकराच करा. थोड्या मोठ्या झाल्या तरी चालतील."

"अकरा म्हंजे अकरा. जा तू, संध्याकाळी ने."

त्याच दिवशी हिंमतरावांच्या घरचे सात नारळ दगडाबाईंकडं आले होते. हिंमतराव गावातले मोठे शेतकरी. त्यांची सून अर्पिता सात महिन्यांची गरोदर होती, नुकतंच डोहाळजेवण झालं होतं.

मी त्या दुपारी त्यांच्याकडं सहज गेले, तर दगडाबाई उंबऱ्यात बसलेल्या. पुढ्यात फुटलेला नारळ. आतून काळपट, पाणी आंबलेलं, वास सुटलेला.

"कुणाचा?" मी विचारलं.

त्यांनी समोरच्या घराकडं हनुवटी केली.

देवाचा नारळ नासका निघाला तर कुणी म्हणतं देवाला पोचला, कुणी म्हणतं देवानं नाकारला. ज्याला जे म्हणायचं ते तो म्हणतो. मी रोज देवापुढं दिवा लावते, पोथी वाचते, पण नारळात पुढचं लिहिलेलं असतं असं मला कधी वाटलं नाही. तसं मी म्हणालेही.

दगडाबाई म्हणाल्या, "तुमाला न्हाय वाटत. माझ्या सासूला वाटलं हुतं."

सव्वीस वर्षांत त्यांनी हे कधी सांगितलं नव्हतं. लग्नाच्या चौथ्या वर्षी त्यांच्याही पदरात असाच देवीचा नारळ पडला होता. तोही नासका निघाला. सासूनं त्याची एक करवंटी चुलीवरच्या कोनाड्यात ठेवली. कुणी पाहुणं आलं की दाखवायची. म्हणायची, बगा, आमच्या सुनंचं देवीनंच सांगून टाकलंय. भूकंपात घर पडलं तवा ती करवंटी गेली, त्या म्हणाल्या. म्हणजे बारा वर्षं ती तिथं होती.

"लक्ष्मम्मा तसल्या नाहीत," मी म्हटलं.

"माझी सासूबी आदी तसली नव्हती."

त्या उठल्या. नासका नारळ मागं चिंचेच्या बुडाशी पुरला, वर दगड ठेवला, हात धुतले. मग हिंमतरावांच्या पोत्यातला एक नारळ काढून फोडला. पांढराशुभ्र निघाला, जाड गराचा. त्या खवायला बसल्या. मी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं की नव्हतं, ते मला अजूनही सांगता येणार नाही.

संध्याकाळी वृषालीनं अकरा वड्या नेल्या. हिंमतरावांच्या घरी सहा नारळांच्या वड्या गेल्या. तिथं मोजायला कुणाला सवड होती!

वृषालीचं देवघर पुढच्याच खोलीत आहे. दार उघडं असलं की दगडाबाईंच्या उंबऱ्यातून सरळ दिसतं. रोज सकाळी आठच्या सुमारास वृषाली न्हाऊन, ओले केस सोडून दिव्यापुढं बसायची, हात जोडायची, मग डब्यातली एक वडी काढून डोळे मिटून खायची. पहिले दोन दिवस दगडाबाईंनी पाहिलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी आपलं दार लावून घेतलं. चौथ्या दिवशी माझ्याकडं आल्या.

"ताई, तिला दिसतंय त्ये देवीचं हाय म्हणून ती खाती. आन् म्या तिला अर्पिताच्या ओटीचं चारती हाय."

"आता सात दिवस राहिलेत. होऊन जाऊ द्या. कुणाला कळणार आहे?"

"तुमी पुन्ना तेच म्हणलात."

मी चहाचा कप त्यांच्यापुढं सरकवला.

"न्हाय सांगितलं आन् उद्या काय झालं न्हाय, तर ती म्हनंल, देवीचं खाऊनबी झालं न्हाय. मग तिनं कुटं जावं? आन् सांगितलं तर ती करवंटी म्याच तिच्या कोनाड्यात नेऊन ठेवल्यासारखं हुईल."

त्या अर्धा तास बसल्या असतील. चहा तसाच गार झाला. जाताना एवढंच म्हणाल्या, "उद्या माझ्यासंगं चला."

पाचव्या दिवशी वृषालीची वडी खाऊन झाल्यावर आम्ही दोघी गेलो. लक्ष्मम्मा ज्वारी निवडत होत्या. दगडाबाई बसल्या नाहीत. उभ्यानंच सगळं सांगितलं. नारळ नासका निघाला, तो चिंचेखाली पुरला, हिंमतरावांच्या घरचा घातला. आपल्या सासूचं मात्र काही सांगितलं नाही.

लक्ष्मम्मांच्या हातातलं सूप तसंच राहिलं. "अव्वा! आन् हे आज सांगताव? पाच दिवसांनी?"

"व्हय."

"दगडाबाई, आमचं नशीब झाकून ठेवा म्हणून तुमाला कुणी सांगितलं हुतं? काळं असंल, कुजकं असंल, आमचं हाय न्हवं?"

"तुमचंच हाय."

"आन् दुसऱ्याच्या पोटुशी सुनंच्या ओटीचं आमच्या सुनंला चारलंत! हिंमतरावाच्या घरात कळालं आन् तितं काय कमीजास्त झालं, तर बोल कुणाला लागंल?"

हा विचार दगडाबाईंना आलाच नव्हता, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं.

वृषाली देवघरापाशी उभी होती. ती रडेल असं मला वाटलं होतं. ती रडली नाही.

"कसा निघाला होता, मावशी? सगळा नासका?"

"सगळा. पानीबी आंबलं हुतं."

"मला दाखवायचा होता."

"तुला वाईट वाटलं असतं बाळा."

"वाटलं असतं. पण माझा होता तो."

मग तिनं देवापुढचा डबा उचलला. सहा वड्या होत्या. पदर नीट केला आणि सासूला म्हणाली, "आई, ज्यांचं त्यांना देऊन येते."

लक्ष्मम्मा म्हणाल्या, "खुळी का काय! घाण्यात मुंडी घालायला चालली."

पण अडवलं नाही. आम्ही दोघीही वृषालीबरोबर निघालो.

हिंमतरावांच्या घरी अर्पिता पायरीवर पाय पसरून बसली होती. आत तिची सासू फोनवर मोठ्यानं बोलत होती. दगडाबाईंनी पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगितलं. वृषालीनं डबा पुढं केला.

अर्पितानं आधी आतल्या दाराकडं पाहिलं, मग डब्यात. "आमच्या वड्या परवाच संपल्या. चार माझ्या वाट्याला आल्या, बाकी सगळ्या मामंजींनी खाल्ल्या. शुगर आहे म्हणतात, आणि लपूनछपून खातात."

दगडाबाईंना हसू आलं नाही. वृषालीला जरासं आलं.

अर्पितानं डबा घेतला. पाच वड्या आपल्या ताटलीत काढल्या आणि सहावीसकट डबा परत दिला.

"ही राहू द्या ताई. पाच खाल्ल्याच आहेत तुम्ही, सहावीनं काय होणार आहे?"

"ओटीचं आहे," वृषाली म्हणाली. "देऊ नये."

"मग इथं बसून खा. आमच्याच पायरीवर आहात, घराबाहेर कुठं गेली?"

वृषाली पायरीवर बसली आणि तिनं ती वडी खाल्ली. डोळे न मिटता. आतून सासूनं विचारलं, "कोण आलंय गं?" अर्पिता म्हणाली, "दगडामावशी. खोबरं द्यायला." ते काही खोटं नव्हतं.

गोष्ट तरीही गावात फिरली. लक्ष्मम्मांनीच सांगितली, नाही म्हणायचं कारण नाही. दोन-तीन महिने दगडाबाईंकडं एकही डबा आला नाही. त्यांनी कढई उलटी करून फळीवर ठेवली. मला म्हणाल्या, "बरुबर हाय लोकांचं. म्याबी न्हाय दिला असता." वडी करून त्यांना फार काही मिळत होतं असं नाही, कुणी साखर द्यायचं, कुणी शेंगा. पण दिवसभर दारात माणूस यायचं, ते बंद झालं. त्या काळात अंगणवाडीच्या वेळेला त्या उगाच माझ्याकडं येऊन बसायच्या.

फेब्रुवारीत अर्पिताला मुलगी झाली, सुखरूप. त्यानंतर आठ दिवसांनी लक्ष्मम्मा दगडाबाईंच्या दारात आल्या. आत गेल्या नाहीत.

"आमी पुन्ना देवीला जाऊन आलाव. नारळ हाय."

दगडाबाईंनी हात पुढं केला.

"तुमच्या घरी न्हाय द्यायचा. तुमी आमच्यात या. कढई आमची, चूल आमची. आन् नारळ माझ्या सुनंच्या हातानं फुटंल. काय निगंल ते निगंल."

तेव्हापासून तीच रीत पडली आहे. दगडाबाई आता घरी वडी करत नाहीत. ज्याच्या घरचा नारळ त्याच्या घरी जातात. पिशवीत आपली खवणी आणि कोकोचा पुडा असतो, बाकी सगळं त्या घरचं. नारळ त्या हातात धरत नाहीत. सुनेनं फोडायचा, दोन्ही वाट्या आधी सुनेनं बघायच्या, मग खवायला द्यायच्या. मध्ये एका घरी नासका निघाला. त्या पोरीचं तोंड उतरलं. दगडाबाई तिच्याजवळ जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, "माझाबी असाच निगाला हुता. बगून घे नीट, आन् आपल्या हातानं पुरून ये. कोनाड्यात ठिवू नको." मी तिथं होते. इतकंच बोलल्या आणि दुसरा नारळ मागितला.

लक्ष्मम्मांनी दगडाबाईंना घरी बोलावलं त्या दिवशी मीही तिथं गेले होते. वृषालीनं उंबऱ्यावर नारळ आपटला. दोनदा नुसता आवाज झाला, तिसऱ्यांदा फुटला. पाणी लक्ष्मम्मांनी तांब्यात धरलं. वृषालीनं दोन्ही वाट्या उजेडाकडं धरल्या. एका कडेला बोटभर पिवळट डाग होता, बाकी गर पांढरा.

"हे काय?" तिनं विचारलं.

"डाग हाय," दगडाबाई म्हणाल्या. "काढू का ठिवू?"

वृषालीनं जरा विचार केला. "तेवढा काढा."

दगडाबाईंनी सुरीनं तेवढा काढला, तिच्या तळहातावर ठेवला आणि खवायला बसल्या. अकरा वड्या झाल्या.

वृषालीला मूल झालं का, असं ऐकणारे विचारतात. अजून नाही. लक्ष्मम्मा अधूनमधून बोलतात, अधूनमधून बोलत नाहीत. वृषाली आता कढई स्वतः हलवते, दगडाबाई बाजूला बसून आच सांगतात. कोको पावडर कधी घालायची तेवढं मात्र तिला अजून नेमकं जमत नाही. ती घाई करते आणि वडी जराशी कडू होते. घरचे खातात.