ओठांवरून वाचलेला शब्द

माझी बायको मोर्चात घोषणा द्यायची आणि मी जळायचो. लिहायला लाज वाटते. पण ती गेली, आता लाज कोणासाठी धरायची?

मी कापडगिरणीत साचेखात्यातला, मागांवरचा. एका छपराखाली शेकडो साचे धडधडत असले की कानाचं काय होतं ते कापड विणणाऱ्यालाच ठाऊक. तिथे आम्ही ओठांनी बोलायचो. आवाज काढायचाच नाही, नुसतं तोंड हलवायचं, चार साच्यांपलीकडच्या गड्याला बरोबर समजायचं. शिव्यासुद्धा मुक्यानेच. संप झाला तोवर माझे कान जवळजवळ गेले होते. सवय अशी की मोर्चातही मी नुसते ओठ हलवायचो. आमच्या चाळीत समोरच्या खोलीत राहणारा गडी हसायचा, "काय रे, तुझा भोंगा मालकाने काढून नेला काय?"

हा समोरचा घाटावरचा. आमच्याच गिरणीत, पण घडीखात्यात. तिथे कापडाच्या घड्या घालायच्या, आवाज कसला? त्याचे कान शाबूत आणि गळा मोठा. संपात घोषणा पगाराच्या होत्या. संप कोणी मागे घेतला नाही, तो नुसता विरत गेला. मग मालकाने गिरणी बंद केली आणि सरकारने त्याला जमीन विकायची परवानगी दिली. मालक आणि मंत्री एका सोफ्यावर बसलेले पेपरात दिसायचे. तेव्हापासून घोषणा जमिनीची झाली. समोरचा अर्धी टाकायचा, "गिरणीची जमीन कोणाची?" आणि बायांच्या पुढे उभी राहून माझी बायको ती पुरी करायची, "घाम गाळला त्याची!" मग सगळा लालबाग तिच्या मागून. लोक म्हणायचे, काय जोडी जमलीय. ते आवाजाचं बोलायचे. मला दुसरंच ऐकू यायचं, एरवी काही ऐकू येत नसताना.

एक दिवस मालकाने भंगारवाल्याचे ट्रक पाठवले, साचे तोडून न्यायला. आम्ही गेटसमोर बसलो. बायका पुढे, ट्रकच्या त्या बाजूला. मी ह्या बाजूला. पोलिसांनी काठ्या चालवायला सुरुवात केली तेव्हा मी तिला शोधत होतो. दिसली. तिने समोरच्याकडे तोंड वळवलं होतं आणि त्याला काहीतरी सांगत होती. मी ओठ वाचले. "मला... मला..." पुढचं एका पोलिसाच्या खांद्याने झाकलं.

मला काय? मला घेऊन चला? मला तुम्ही आवडता?

तेवढ्यात तो समोरचा माझ्याकडेच धावत आला, माझं मनगट धरलं आणि मला फरफटत काळाचौकीच्या गल्लीत नेलं. मी हात झटकला. म्हटलं, "सोड! माझ्या अंगाला हात लावायचा नाही." बायको मागून आली. काठीने बांगड्या फुटून हातात घुसल्या होत्या.

घरी मी सांगितलं, उद्यापासून मोर्चाबिर्चा बंद.

"कित्याक?"

"मी सांगतो म्हणून."

ती मालवणकडची. दोन दिवस भांडली, भांडी आपटली. खरं कारण मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने मला तिथेच झोडपलं असतं, आणि बरं झालं असतं. पण पोरगी लहान होती, तिच्या नावाने मी शपथ घातली. मग ती गप्प झाली.

गिरणीची भिंत पाडायला आले त्या दिवशी पुन्हा सगळे जमले. गॅलरीतून दिसत होतं. समोरच्याने अर्धी घोषणा टाकली आणि बायका आमच्या गॅलरीकडे बघायला लागल्या. ही आत पाठ करून तांदूळ धूत होती. खाली उत्तर आलं ते विस्कटलेलं, कोणी आधी, कोणी मागून. मला बरं वाटलं. भिंत पडत होती, आणि मला बरं वाटलं.

तिथे टॉवर झाला. वर पोहायचा तलाव आहे म्हणतात. आमच्या नळाला अर्धा तास पाणी. त्या लोकांवरही मी जळतो, पण ते जळणं वेगळं. त्यात झोप लागते.

त्यानंतर माझी बायको कधी ओरडली नाही. चाळीत पाणी आलं तरी बाजूवालीला दार वाजवून सांगायची.

गेल्या वर्षी तिला झटका आला. परळच्या इस्पितळात ठेवली. वाचा गेली, ओठ तेवढे हलायचे. डॉक्टर, नर्स सगळे माझ्याकडे बघायचे, कारण मला वाचता यायचं. थोडा माज पण चढला मला. एक दिवस गिरणी कामगारांच्या घरांसाठी मोर्चा होता. समोरचा मला न्यायला आला होता, काठी टेकत, वॉर्डच्या दाराशी थांबला. मी म्हटलं, मी नाही येत. तशी बायकोचे ओठ हलायला लागले.

"मला, म्हणते," मी पोरीला सांगितलं. "मला काय गं? पाणी? उशी?"

तिने नाही म्हणून मान हलवली. पुन्हा तेच. मला, मला.

पोरगी म्हणाली, "बाबा, आई कधी 'मला' म्हणते काय? डॉक्टरांशी बोलतानाही 'माका' म्हणायची ती."

मी स्टुलावर बसलो. प म्हणा, म म्हणा, ओठ सारखेच मिटतात. साचेखात्यातल्या शिकाऊ पोरालाही हे पहिल्या दिवशी सांगायचे. पळा. ती मला मोर्चाला पिटाळत होती.

मी तिच्या तोंडाजवळ गेलो. "तेव्हा गेटवर पण पळाच म्हणालीस ना?"

तिने भुवया वर केल्या. "खंय?" कुठे, म्हणे.

तिला तो दिवस आठवतही नव्हता. आठवावं असं तिच्याकडून काही झालंच नव्हतं. मी गेलो मोर्चाला. परत आलो तर झोपली होती. चौथ्या दिवशी गेली. तिचा मोर्चा का बंद केला ते कारण सांगायचं राहिलं ते राहिलंच.

तेराव्यानंतर समोरचा येऊन बसला. मी विचारलं, "त्या दिवशी गेटवर तुला काय म्हणाली ती? खरं सांग."

तो माझ्या कानाशी वाकला नाही. त्याला माहीत आहे, मला तोंड दिसावं लागतं. "म्हणाली, भावोजीनू, पळा, पळा! ह्येंका आयकाक येना नाय, ह्येंका घेवन पळा. बाबा रे, काय आवाज होता वैनीचा. तीन ट्रक चालू होते, तरी मला शब्दन् शब्द आला."

एवढं अख्खं वाक्य. माझ्याबद्दलचं. आणि ते ह्याच्या कानात, तिच्या आवाजासकट, इतकी वर्षं.

"परत म्हण," मी म्हटलं.

त्याने परत म्हटलं. मी त्याचे ओठ बघत होतो आणि जळत होतो.