मेंढ्या, बुरूज आणि आमचे तांडेल

आमच्या उत्तनच्या तांडेलांना नवरी दाखवली, की ते आधी तिचे दात बघायचे. चेहरा नंतर. "हस बघू," म्हणायचे. पोरगी लाजत हसली की मान डोलवायचे, "पुरे हायेत. पास!" शेजारी बसलेल्या सासूचा जीव भांड्यात पडायचा.

हा वेडेपणा नव्हता, त्याला बायबलचा आधार होता. आमच्याकडे चर्चमध्ये लग्नाच्या मिस्साला, म्हणजे प्रार्थनाविधीला, बायबलमधल्या जुन्या प्रेमगीताचा एक उतारा वाचायची पद्धत. त्यात नवरीचे केस म्हणजे डोंगर उतरणाऱ्या शेळ्या, दात म्हणजे धुऊन काढलेल्या मेंढ्या आणि मान म्हणजे बुरूज. ऐकून जोडपी वेदीपुढे खुसखुसायची. एका नवऱ्याला तर हसू दाबताना असा ठसका लागला, की मिस्सा थांबवून त्याला पाणी पाजावं लागलं. तेव्हापासून फादरनी नियमच केला: लग्नाआधीच्या रविवारी जोडप्यानं तांडेलांच्या ओट्यावर जायचं. "तिथं पोटभर हसून या. वेदीपुढं नको."

तांडेलच का, तर तो उतारा वर्षानुवर्षं तेच वाचत. वाचत म्हणजे पाठ म्हणत. हातात लॅमिनेट केलेला एक कागद असे, तोही कधीकधी उलटा. शिक्षण चौथी. पण होडीवर तांडेल होते; वारा-पाणी बघून सगळ्या खलाशांच्या जिवाचा निर्णय घेणारा माणूस. गुडघे गेल्यावर होडी मुलाच्या हाती दिली आणि ओट्यावर जाळी सांधत बसले. होडीवर जसे हुकूम सोडायचे, तसेच आता उपमांचे अर्थ सांगायचे. विरोध केला तर बोट बुडेल, असाच आवाज.

मी आमच्या घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट. हे मी सगळीकडे सांगते, इथेही सांगितलं. आईनं बाजारात मासळी विकून मला शिकवलं आणि मी मराठी घेऊन बी.ए. झाले. निकालाच्या दिवसापासून तांडेलांनी माझं नावच टाकलं. मी त्यांच्यासाठी कायमची "बी.ए."

माझं विल्सनशी ठरलं, तेव्हा आम्हीही ओट्यावर हजर झालो. विल्सन खारी गावचा. मीरा रोडच्या बिल्डिंगांमधल्या लिफ्ट दुरुस्त करतो. बोलायला कमी.

"दात मेंढ्यांसारखे, म्हंजे काय?" तांडेलांनी परीक्षा घेतली.

मी कॉलेजात शिकलेलं धाडकन सांगितलं, "तांडेल, हे रूपक आहे. देव आणि त्याची प्रजा यांच्यातलं प्रेम आहे ते."

"असंल. देवाचं बी असंल. पण दात बाईचेच हायेत ना?" ते जाळ्यातून मान वर न काढता म्हणाले. "मेंढ्या कशा, तर जोडीजोडीनं, एक बी गायब न्हाय. त्या काळात डेंटिस्ट होता काय? तिचे वरखाली सगळे दात जागेवर, याच्यापरीस मोठी बातमी कुठली?"

विल्सन हसला. तांडेलांनी लगेच त्याचे दातही बघून घेतले.

मग बुरूज. तांडेलांचा दंडक असा, की जे बघितलं नाही त्याला हसायचं नाही. आम्हाला बसनं घोडबंदरच्या किल्ल्यावर पिटाळलं. मी बुरुजाकडे बघितलं. जाडजूड, काळपट, फटींतून गवत उगवलेलं. मी विल्सनला विचारलं, "माझी मान अशी आहे?"

तो बराच वेळ आळीपाळीनं दोन्हीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "नाय. तुझ्यावर गवत नाय."

परतीच्या बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून बसले. ओट्यावर येऊन तक्रार केली, तर तांडेल खो खो हसले. मग म्हणाले, "अगो, जाडी कशाला मोजतेस? आठ-आठ दिवस दर्यात काढल्यावर लांबनं काहीतरी उंच दिसतं. पहिल्यांदा दिसतं ते उंचच दिसतं. मग आमी म्हणतो, आलं रं घर. तशी मान."

बी.ए.च्या तीन वर्षांत माझ्याकडून कुठल्याच उपमेला असा हात लागला नव्हता. पण हे मी तेव्हा कबूल केलं नाही.

शेळ्यांसाठी त्यांनी आम्हाला संध्याकाळी शेजारच्या डोंगरी गावच्या चढाखाली उभं केलं. मी पुढे जायला लागले, तर ओरडले, "हितंच थांब! उपमा लांबनं बघायची असते. जवळ गेलं का वास येतो." वरून कोणाच्या तरी काळ्या शेळ्या उतरत होत्या. लांबून शेळी अशी एकही दिसत नव्हती. उतारावरून काळं काहीतरी सळसळत, लाटालाटांनी खाली येत होतं. विल्सननं हळूच माझ्या वेणीकडे बघितलं. मी रबरबँड काढून टाकला. याहून जास्त काही लिहिणार नाही.

आता माझा पराक्रम सांगते. घोडबंदरचा राग मनात होता, म्हणून मी मोबाइलवर ते अख्खं प्रेमगीत काढून वाचलं. दुसऱ्या दिवशी ओट्यावर गेले आणि म्हटलं, "तांडेल, तुमच्या कागदावर अर्धीच गोष्ट आहे. यात बाईसुद्धा बोलते. तीही त्याचं वर्णन करते. जास्त तर तीच बोलते."

तांडेलांच्या हातातलं जाळं थांबलं. एवढी वर्षं त्यांना वाटत होतं, बोलणारा बाप्याच, बाईनं फक्त ऐकून घ्यायचं. "काय म्हणते ती?"

"केस कावळ्यासारखे काळे म्हणते."

आतून शाबीमावशी, म्हणजे त्यांची बायको, बोंबील साफ करता करता म्हणाली, "कावळा कवाच उडाला." तांडेलांच्या डोक्यावर एक केस नव्हता.

"पाय संगमरवरी खांबांसारखे."

मावशी सुरी घेऊन दारात आली. तांडेलांच्या लुंगीखालच्या पायांकडे तिनं नीट बघितलं. "हे? हे तर जाळी वाळवायचे बांबू."

पण तांडेल हसले नाहीत. माझ्याकडे वळून म्हणाले, "बी.ए., लग्नात मी हिला सांगितलं होतं, तू भरतीच्या पाण्यासारखी हायेस. म्हंजे हिचंच उत्तर बाकी हाय की." आणि दाराकडे बघून हाक मारली, "शाबी! तुझा नंबर हाय!"

"सुचलं का सांगते."

त्या दिवसापासून हे रोजचं झालं. चहा आला की, "शाबी, सुचलं काय?" मिस्साहून येताना, "सुचलं काय?" ती म्हणायची, "आज पापलेट महाग हाय, डोकं खाऊ नको." जोडपी हसायची, तांडेलही हसायचे. पण मावशी आत गेली, की थोडा वेळ दाराकडेच बघत राहायचे. मला चोरी केल्यासारखं वाटायचं. माणूस अर्ध्या कागदावर सुखी होता आणि मी माझी बी.ए. मिरवायला पुढचं पान उलटून दाखवलं. एकदा मावशीला म्हटलं, "मी लिहून देऊ का काहीतरी?" ती म्हणाली, "तुझं शिकलेलं त्याला कळंल लगेच."

आमचं लग्न होऊन असे सहा पावसाळे गेले. तांडेल आजारी पडून खाटेवर आले. भाईंदरहून डॉक्टर आला, तरुण होता. तोंड उघडायला सांगून बॅटरी मारली आणि चकित होऊन म्हणाला, "बाबा, या वयात सगळे दात ओरिजिनल?"

मावशी उशाशी उभी होती. म्हणाली, "सगळे. मोजले हायेत मी. धुतलेल्या मेंढ्या. जोडीजोडीनं, एक बी गायब न्हाय."

डॉक्टर बिचारा मेंढ्या शोधत माझ्याकडे बघायला लागला. तांडेलांचं तोंड तपासणीसाठी उघडं होतं ते तसंच राहिलं. मग त्याच उघड्या तोंडानं ते हसले आणि मला म्हणाले, "ऐकलंस काय गो बी.ए.? माझंच चोरून मलाच दिलं. पण दिलं."

त्यानंतर त्यांनी मावशीला पुन्हा कधी विचारलं नाही. महिन्याभरात गेले.

शवपेटीत ठेवलं, तेव्हा ओठ जरासे उघडे राहिले होते. विल्सन मिटवायला वाकला, तर शाबीमावशीनं त्याचा हात धरला.

"राहू दे," ती म्हणाली. "दिसू देत."