चिंचेतलं लोखंड

लंकाबाईची कुऱ्हाड कधी फार दिवस भिंतीला टेकून बसत नाही. पाथर्डीच्या पलीकडं, डोंगराच्या पायथ्याला तिची वस्ती. लग्न असो की दहावा, मोठ्या चुलाणाला सरपण हवं म्हटलं की माणसं तिच्याच दारात येतात. गॅस घरोघरी आला, पण अख्ख्या गावाचं वरण गॅसवर शिजवायची हिंमत अजून कुणाला झालेली नाही. पन्नाशी ओलांडलेली ही काटक बाई ओंडक्यावर पाय रोवून उभी राहिली की तरणीताठी पोरं एकदम मोबाईलमध्ये तोंड घालतात. न जाणो, हाक मारून घण हातात द्यायची. तोंडही तिला भरपूर आहे. ते आईकडून आलं की आजीकडून, यावर वस्तीत वाद आहे. ते गंजू देत नाही, यावर मात्र सगळ्यांचं एकमत.

अशा बाईला एकदा भुतानं धरलं होतं म्हणे. तिचा मुलगा कल्याण तेव्हा अंगावर पीत होता. टोळी कोपरगावकडं ऊसतोडीला गेलेली. लंकाबाई लेकराला पाजायला बांधावर बसली, तर मुकादमानं येऊन तिचा पाण्याचा हंडा लाथेनं लवंडला आणि वर आईवरून शिवी घातली. बाई लेकरासकट उठली आणि तिनं त्याच्यावर कोयता उगारला. मुकादम मागं सरता सरता पाचटात उताणा पडला. सारा फड बघत होता. सासऱ्याच्या पायाखालची जमीनच सरकली. सून मुकादमावर हत्यार उगारते म्हणजे ही आपली सून नव्हेच, हिच्या आत दुसरंच कुणीतरी शिरलंय, असा निकाल त्यानं देऊन टाकला.

वस्तीच्या वाटेवर एक जुनी चिंच होती. बाधा झालेल्याच्या नावानं तिच्यात लोखंड ठोकायचं, म्हणजे भूत झाडात अडकून राहतं, अशी तिथली रीत. बाधा काय, कुणालाही होते म्हणतात. पण त्या चिंचेत पुरुषाच्या नावानं खिळा ठोकलेला मात्र कुणाच्या ऐकिवात नाही. टोळी गावी परतल्यावर सासऱ्यानं देवऋषी आणला. ज्या हत्याराला हात घातला त्याचंच लोखंड पाहिजे, असं तो म्हणाला. मग लंकाबाईच्या कोयत्याचं टोक मोडलं आणि तिच्या डोळ्यांदेखत चिंचेत ठोकलं. नवरा गहिनीनाथ तिचे दंड धरून उभा होता. पुढं वर्षभर बाई कुणाशी धड बोलली नाही. भूत गेलं, असं म्हणून सगळे निर्धास्त झाले.

यंदा वैशाखात वावटळ आली आणि ती चिंच मुळासकट आडवी झाली. त्याच आठवड्यात कल्याणची बायको अश्विनी पाणी भरता भरता कोसळली. डोळे फिरले, हातपाय झटकले, तोंडाला फेस आला. दुसऱ्यांदा ती चुलीपुढंच पडली. लंकाबाईनं मागं ओढली म्हणून हात भाजायचा वाचला.

"झाड पडलं, बांधलेलं सुटलं," गहिनीनाथ म्हणाला. "आता दुसरं झाड बघा अन् देवऋषाला सांगावा धाडा."

सुप्याच्या कारखान्यातून सुट्टी काढून आलेला कल्याण बापाची री ओढत म्हणाला, "आधी अण्णांचं करून बघू. मग दवाखाना हायेच."

अश्विनी भिंतीला टेकून एकेकाचं तोंड बघत होती. आपल्याबद्दल सगळे बोलतायत आणि आपल्याला कुणी काही विचारत नाही, हे त्या पोरीच्या नजरेत लंकाबाईला दिसलं.

लंकाबाई उठली. "झाड मी फोडते. भुतं असली तर पयलं मला धरतील, माझं तर त्यातच हाय. अन् न्हाई धरलं, तर उद्याच्याला पोरीला नगरला मोठ्या डाक्टरकडं न्यायचं. बोला, कबूल?"

दारात चार माणसं जमलेली. गहिनीनाथाला वाटलं, ही ऐनवेळी कच खाईल. तो म्हणाला, "व्हय, कबूल."

पडल्यापासून त्या चिंचेच्या फाट्यालाही कुणी हात लावला नव्हता. वस्ती लांब उभी राहून बघू लागली. चिंचेचं लाकूड म्हणजे दगडच. बाईनं पाचर बसवली, घण घातला, मग कुऱ्हाड घेतली. थोड्याच वेळात खण्णकन वाजलं, तशी गर्दी चार पावलं मागं सरली. खिळा होता. त्याच्याभोवतीचं लाकूड काळंनिळं पडलेलं. मग एकेक निघायला लागलं: गावठी खिळे, बैलाचा नाल, दाभण, कुलपाची किल्ली, अडकित्त्याचं पातं. कुणाकुणाच्या घरचं काय काय त्या झाडाच्या पोटात गेलं होतं. बाई एकेक उचलून पाटीत टाकत होती आणि कुऱ्हाडीची धार गेली म्हणून ठोकणाऱ्यांच्या सात पिढ्या उद्धरत होती.

उन्हं कलली तेव्हा खोडाच्या खालच्या अंगाला तिला आपल्या कोयत्याचं टोक सापडलं. बोटभर लोखंड, गंजलेलं, पण बाक तोच. लंकाबाई तिथंच बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. मग उठली, गहिनीनाथासमोर गेली आणि ते टोक तिनं त्याच्या तळहातावर ठेवलं.

"तवा तुमी मला धरलं हुतं. आता हे धरा."

त्यानं टोकावरचा गंज अंगठ्यानं पुसला. "तू लई थरथरत हुतीस," तो हळू आवाजात म्हणाला. "मला वाटलं, आत भूतच हाय."

"भूत न्हवतं. माझा राग हुता," लंकाबाई म्हणाली. "अन् तो अजून हाय."

गहिनीनाथानं टोक खिशात घातलं आणि जीपवाल्याला सांगायला तो स्वतःच गेला.

नगरच्या डॉक्टरनं डोक्याचा फोटो काढला आणि फिट येतात म्हणून निदान केलं. गोळ्या एक दिवसही चुकवायच्या नाहीत, बाकी पोरीनं सगळ्यांसारखं जगायचं, असं बजावलं. येताना गोळ्यांची पिशवी गहिनीनाथानं मांडीवर घट्ट धरली होती. कल्याणनं मागितली तरी दिली नाही.

घरी आले तर अंगणात बाया बसलेल्या. मध्ये ती लोखंडाची पाटी. शेजारच्या वैजनाथची म्हातारी आई, जिला आता नीट दिसतही नाही, पाटीत बोटांनी चाचपत होती. "माझा खिळा बिनडोक्याचा हुता गं," ती म्हणाली. कुणी किल्ली ओळखली, कुणी दाभण. एकीनं मेलेल्या जावेच्या नावचा नाल मागून घेतला आणि पदरात बांधला. लंकाबाई उंबऱ्यावर ताठ बसून बघत होती. एवढं सरपण तिनं आयुष्यात फोडलं, पण ऊर असा भरून कधी आला नव्हता.

अश्विनी जीपमधून उतरली ती घरात गेलीच नाही. ती बायांमध्ये जाऊन बसली आणि तिनं वैजनाथच्या आईला विचारलं, "तुमी काय केलं हुतं, आजी?"

म्हातारीनं खिळा मुठीत घेतला, पाठ सरळ केली आणि सांगायला सुरुवात केली.