दयामावशींचं दौंडला जाणं

शिरूरच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत कुणाच्या घरी आजारपण आलं, की पाळकांच्या आधी दयामावशींना निरोप जायचा. दवाखान्यात आया म्हणून तीस वर्षं काढलेली ही बाई प्रार्थनेला उभी राहिली, की आवाज रस्त्यापर्यंत ऐकू यायचा. मी मागितलं आणि देवानं दिलं नाही असं कधी झालंच नाही, असं त्या सांगायच्या. मी प्राथमिक शाळेतली शिक्षिका, त्यांच्या शेजारी राहणारी. त्यांचा विश्वास पाहून मला स्वतःची लाज वाटायची.

सात वर्षांपूर्वी मंडळीतल्या एडविनची बायको रिबेका पहिल्या बाळंतपणाला दौंडला माहेरी गेली होती. दिवस भरले आणि मूल पोटातच गेलं. महिन्याभरानं ती शिरूरला परतल्यावर मावशी आणि मी भेटायला गेलो. ती भिंतीला टेकून बसली होती. मावशी तिच्या समोर बसून म्हणाल्या, "पोरी, कुठंतरी तुझा इश्वास कमी पडला आसंल. तपासून बघ."

 त्यानंतर रिबेका चर्चमध्ये आली नाही. वर्षभरात नवरा-बायको दौंडलाच राहायला गेले. "देव सोडून जगात रमली पोरगी," मावशी म्हणाल्या आणि तो विषय तिथंच संपला.

मावशींचा एकुलता एक मुलगा डॅनी सणसवाडीला एका कंपनीत मशीनवर होता. तिशी ओलांडल्यावर त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा पुण्याला डायलिसिस सुरू झालं. मावशींनी उपास धरले. एका रविवारी त्यांनी सगळ्या मंडळीसमोर उभं राहून साक्ष दिली, की नाताळच्या आत माझा डॅनी कामावर जाईल.

गेल्या नोव्हेंबरात तो उठेनासा झाला. एका दुपारी मी पेज घेऊन गेले, तेव्हा मावशी त्याचे सुजलेले पाय चोळत होत्या. डॅनी छताकडे बघत होता. मध्येच त्यानं विचारलं, "आई, माझाच इश्वास कमी पडला का गं?"

मावशींचे हात थांबले. "न्हाई रं बाळा," एवढंच त्या म्हणाल्या. मग पुन्हा पाय चोळू लागल्या. चौथ्या दिवशी डॅनी गेला.

मातीनंतरही त्या मंगळवारच्या बायकांच्या प्रार्थनेला येत राहिल्या, पण मागच्या चटईवर बसून. एकदा एक बाई त्यांना म्हणाली, उपासात काहीतरी चुकलं असणार. मला राग आला. घरी येताना मी तसं बोलून दाखवलं, तर मावशी म्हणाल्या, "बोलू द्या, बाई. मी बी आसंच बोलत हुते."

ईस्टर झाल्यावर त्यांनी मला विचारलं, "माझ्यासंगं दौंडला याल का?"

न्हावऱ्यावरून एसटीनं गेलो. रिबेकानं दार उघडलं, पाणी दिलं आणि म्हणाली, "डॅनीचं कळलं. वाईट झालं."

"मी तुला तवा जे बोलले, ते खोटं हुतं," मावशी म्हणाल्या. "देवाचं नाव घेऊन खोटं बोलले. तुझं काय बी चुकलं नव्हतं."

रिबेका बराच वेळ पदराचं टोक पिळत राहिली. "भांडी घासताना, झोपताना, सात वर्षं तेच ऐकतेय, मावशी. दुसरं मूल झालं नाही, तेव्हाही तेच. आता माफ केलं असं मला नाही म्हणता येणार."

"नको म्हणू."

मग तिनं चपला घातल्या. "बाळाकडं येता का?" तिनं विचारलं.

कब्रस्तानात कुंपणाजवळ चुना लावलेल्या चार दगडांत हातभर जागा होती. नावाची पाटी नव्हती. मावशींचा हात सवयीनं वर गेला. त्यांनी विचारलं, "प्रार्थना करू का?"

"नको," रिबेका म्हणाली.

मावशींनी हात खाली घेतला. त्या मातीत बसल्या आणि दगडांमधलं गवत उपटू लागल्या. थोड्या वेळानं रिबेकाही शेजारी बसून उपटू लागली. दोघी रडत होत्या, पण एकमेकींकडे बघत नव्हत्या. 

आता प्रार्थनेसाठी त्यांना फारसं कुणी बोलावत नाही. मावशींच्या प्रार्थनेत पूर्वीसारखा जोर राहिला नाही, असं बायका म्हणतात. मागच्या महिन्यात समोरच्या सोजराबाईंचे मालक वारले. मावशी तीन दिवस दोन्ही वेळा पिठलं-भाकरी घेऊन गेल्या आणि सोजराबाईंना चार घास खायला लावून परत आल्या. तिथं त्यांनी देवाचं एक अक्षर काढलं नाही.

परवा मी विचारलं, एकट्या प्रार्थनेला बसता तेव्हा काय मागता?

"काय बी मागत न्हाई. डॅनीला का न्हेलं, ईचारते. देव काय सांगत न्हाई. पर मी बसते त्याच्याजवळ."

दौंडहून रिबेकाचा अजून काही निरोप आलेला नाही.